जिनगासा एक

आजोबांच्या पलटणीतल्या ट्रंकेत, झाकणाच्या आतल्या अंगाला
काळ्या रंगानं लिहिलेली यादी आहे.
मग एक. पट्टा एक.
कांबळी दोन, त्यातल्या एकावर काट.
जिनगासा एक.

सत्तेचाळीस साली लुमाण्णा कणबरकर
जपानातल्या कुरे बंदरावर परतीच्या बोटीत चढले.
कांबळं देऊन घेतली, असं ते सांगत.
लढाईत मिळाली, असं गाव सांगे.
लढाई तर ते पोचायच्या आधीच संपलेली.

बाहेरून काळी, आतून शेंदरी,
पालथ्या परातीएवढी शिपायाची टोपी,
कपाळाच्या बाजूला सोन्याची तीन पानं.
कणबर्गीत तीन पानं म्हणजे बेल,
दुसरं काय असणार?
आत्या शिवरात्रीला तिला विभूती लावायची
आणि एरवी उलटी ठेवून
तिच्यात कोंबडी बसवायची.
एकवीस दिवस कोंबडी त्या शेंदरात बसून
आल्यागेल्याकडे सुभेदारासारखी बघे.

यंदा मांजर अंड्यांवर आलं,
टोपी कट्ट्यावरून खाली आली,
कडेचा टवका उडाला.

टॉवेलात गुंडाळून मी गोकाकच्या गाडीत बसले.
"येनैति इदरल्लि?" कंडक्टरनं विचारलं.
टोपी, म्हटलं.
"यारदु?"
कुणाची ते मलाही सांगता येईना.
त्यानं तिकीट फाडलं.

व्यंकण्णा जीनगारांच्या ओसरीवर
रंग वाळत घातलेली केळी, सीताफळं, कापलेलं कलिंगड,
सगळी पोळकीच्या हलक्या लाकडाची.
एक माशी त्या कलिंगडावर बसून फसली होती.
म्हाताऱ्यानं टोपी हातात घेतली, तोलली,
नखानं वाजवली, कानाशी नेली.
"लाख न्हवं," म्हणाला.
गरम उलथण्याचं टोक कडेला टेकवलं.
आमची असती तर लोण्यागत पाघळली असती.
ही हूं की चूं नाही.
"झाडाचा चीक आसंल. किती हात दिल्यात बघ,
वीस? तीस?
एवढं थांबायला पोट भरलेलं पायजे,
न्हाईतर मालक लई मोठा."

मग टवक्याच्या जागी डोळा लावून
तो बराच वेळ बोललाच नाही.
आत फिकट, पिवळसर, थरावर थर.
"चामडं हाय, बाई. कच्चं चामडं.
आम्ही कोण? जीनगार. जीन करणारे.
घोडी गेली, खोगिरं गेली,
मग ही केळी आली.
काय म्हणालीस हिचं नाव?"
जिनगासा.
"हां, मग आमच्यातलीच!"
आणि खोकला लागेपर्यंत हसला.

पानांवर मात्र तो अडला.
रेघांच्या खाचेत विभूती मुरलेली,
ती त्यानं काडीनं काढली नाही.
"बेल न्हवं हे. बेलाच्या शिरा अशा जात न्हाईत.
पानावर हे तीन तुरे उभे केल्यात, बघितलंस?
बेलाला कुठला तुरा?
कुणाच्या तरी घरचं झाड आसंल.
त्या घरचं माणूस आलं तर वळखंल."

सत्तर वर्षं आम्ही दुसऱ्याच्या घराला विभूती लावत होतो.
आत्याला हे सांगायचं की नाही,
तेवढंच मनात आलं.

चिंचोक्याची खळ, भुसा, चिमूटभर पांढरी माती.
त्यानं टवका भरला, अंगठ्यानं दाबला.
काळा रंग दिलाच नाही.
"मोडलं तिथं मोडलेलं दिसू दे.
माझा काळा तिच्या काळ्याशेजारी
शेणानं सारवल्यागत दिसंल."
तीस रुपये घेतले.
त्याच्या नातवानं टोपी घालून
अंगणात लेफ्ट-राइट केलं,
ती नाकापर्यंत आली, तो तुळशीवर आदळला.

रात्री घरी टोपी कट्ट्यावर ठेवली.
पहाटे बघते तर खळीच्या वासानं मुंग्या लागलेल्या,
काळ्या कडेवरून एकामागून एक, अंतर राखून,
अंगठ्याच्या ठशापर्यंत जात
आणि तिथून कण उचलून परत.
सोन्याच्या पानांवर एकही चढली नव्हती.

आत्या विभूतीची डबी घेऊन उभी.
शिवरात्र नव्हती. काही नव्हतं.
"बरी झाली का गं?"
मी मुंग्या फुंकरीनं उडवत म्हटलं,
झाली.